ड्रायव्हर किती तास गाडीवर आहे ते आधी मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा तरी अशी बातमी असतेच, पहाटे ट्रकने मागून धडक दिली, खासगी बस दुभाजकावर चढली, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, चालकाचं नियंत्रण सुटल्याने अपघात झाला. नियंत्रण का सुटलं ते त्या बातमीत नसतं आणि दुसऱ्या दिवशी ती बातमीच मागे पडलेली असते. त्या "का" बद्दल लिहायचंय. पत्र लांब होईल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी बरीच वर्षं एका माल वाहतुकीच्या ऑफिसात गाड्या लावायचं काम बघते. कुठली गाडी कुठल्या गोडाऊनला लागली, लोड कधी झाली, कधी पोचेल, पार्टीला, म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाईकाला, काय टाईम द्यायचा, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे गाडी हायवेला लागायच्या आधी काय काय होतं ते रोज डोळ्यासमोर असतं. आणि माझं ठाम मत झालंय की ट्रक-बसच्या सेफ्टीचे आपल्याकडे एवढे नियम आहेत, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे ड्रायव्हरने दिवसात किती तास काम करायचं, आणि नेमका तोच एक आहे जो कुणी मोजतच नाही. वेग मोजतात, वजन काट्यावर मोजतात, दारू मोजतात, धूर मोजतात. तास कुणी मोजत नाही.

नियम नाही असं अजिबात नाही. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ सालचा आहे. त्यात सरळ लिहिलंय, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या रूटवर किंवा सणासुदीला मालकाने परवानगी काढली तर १० तास आणि ५४ तास, त्याच्या पुढे नाही. सलग ५ तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती, आजचं काम संपून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे, आणि मधल्या विश्रांत्या धरून अख्खा दिवस १२ तासांत आवरला पाहिजे. कामाचे तास म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरलेले तास असंही त्यात नाही, गाडी ताब्यात घेणं, लावणं, हिशेब-रजिस्टर, देखभाल, माल चढवणं-उतरवणं हे सगळं त्यात येतं. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच तास प्रत्येक ट्रान्सपोर्ट गाडीच्या ड्रायव्हरला लावले. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ हा नियम पुस्तकात आहे आणि मी आजवर एकाही गाडीला तास जास्त झाले म्हणून दंड झालेला पाहिला नाही. ओव्हरलोडचा दंड पाहिलाय, तो २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार, तो कुणी विसरत नाही. टायर, रिफ्लेक्टर, पीयूसी, नंबर प्लेट, सगळ्याची पावती पाहिलीय. तासांची कधी नाही.

त्यात अजून एक भोक आहे. १९६१ चा कायदा ज्याच्याकडे पाच किंवा जास्त कामगार आहेत अशाच वाहतूकदाराला लागू होता, आणि आपल्याकडे बहुतेक मालक एक, दोन, चार गाड्यांचे, कित्येक तर स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यावरच्या संहितेत गेला. ८ तास तिथेही आहेत, पण मर्यादा पाचाऐवजी दहा कामगारांची झाली. म्हणजे जाळीचं भोक बुजायच्या ऐवजी मोठं झालं. कलम ९१ मध्ये लहान-मोठा मालक असा फरक नाही हे खरंय, पण दोन गाड्यांच्या मालकाकडे ना ऑफिस ना हजेरीबुक, तपासायला जाणारा इन्स्पेक्टर जाणार कुठे आणि बघणार काय?

तास कसे वाढतात ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं ड्रायव्हर हावरट असतो, जास्त फेऱ्या मारायला बघतो, म्हणून जागतो. गाडी सकाळी आठला गोडाऊनच्या गेटवर लागते कारण टाईम आठचा दिलेला असतो. आत आधीच गाड्यांची लाईन. ड्रायव्हरने गाडी सोडून जायचं नाही, नंबर कधीही येतो आणि लाईन पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते, नाहीतर मागचा घुसतो. झोपायला जागा नाही, सावली नाही, बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरला संडास वापरू देत नाहीत, हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः गेटवर भांडलेय त्यासाठी. दुपारी तीनला गाडी आत जाते, माल भरायला चार तास, ताडपत्री, दोरखंड, वजन, बिल्टी, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद), सगळं होऊन गाडी रात्री नऊला गेटबाहेर पडते. आणि तेव्हा माझ्या मोबाईलवर पार्टीचा मेसेज येतो, सकाळी सातला माल पाहिजे, मशीन थांबलंय. आता बघा, ड्रायव्हर सकाळी सहाला उठलाय, तेरा तास गेटवर काढलेत आणि त्याची ड्रायव्हिंगची रात्र आत्ता सुरू होतेय. पार्टीच्या हिशोबात त्याने दिवसभर काहीच केलेलं नाही, नुसता बसला होता.

कुणी म्हणेल माल वेळेत पोचवायची सक्ती सरकारचीच असते. तसं नाहीये. ई-वे बिल साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस देतं, २०२१ पासून तो नियम आहे. म्हणजे १४०० किलोमीटरला कागदावर सात दिवस मिळतात. घाई कायद्याची नाही, घाई आमच्या धंद्याची आहे, ज्याने टाईम दिला त्याची आहे. आणि तो टाईम देणारा माणूस अपघाताच्या एफआयआरमध्ये कधीच नसतो.

झोपेबद्दल थोडं लिहिते कारण तिथे फार गैरसमज आहेत. मला ड्रायव्हर सांगतात, "ताई, सवय आहे आपल्याला". झोपेची सवय होत नाही. माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याची नजर, हात, निर्णय हे रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे होतात, यावर परदेशात नव्वदच्या दशकात प्रयोग झालेत आणि पुढेही तेच दिसलंय. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. म्हणजे वर सांगितलेला ड्रायव्हर, थेंबही न घेतलेला, रात्री अकराच्या सुमाराला अशा अवस्थेत असतो की तेवढी दारू पोटात असती तर पोलिसांनी त्याला गाडीखाली उतरवलं असतं. तो मात्र नाक्यावर यंत्रात फुंकतो, शून्य येतं, पुढे जातो.

आणि झापड येते ती माणसाला कळत नाही हीच त्यातली भीती आहे. डोळे उघडे असतात, मेंदू तीन-चार सेकंद बंद. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर, पंचवीस-तीस टनाची गाडी, आणि ती चालवणारं कुणी नाही. म्हणून अशा अपघातांत बऱ्याचदा ब्रेक मारल्याच्या खुणाच रस्त्यावर दिसत नाहीत. जुने ड्रायव्हर याच्या आधीच्या खुणा ओळखतात, मान एकदम खाली जाऊन झटक्याने वर येते, मागचा फाटा कधी गेला ते आठवत नाही, उगाच पांढऱ्या पट्टीवर गाडी जाते, समोरच्या गाडीचे लाल दिवे थांबलेले आहेत की चाललेत ते समजायला वेळ लागतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. झोपेवर औषध झोपच. चहा पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटले तर तेवढ्यापुरती खरंच तरतरी येते, पण ती सुरक्षित जागी पोचण्यापुरती, पुढचे तीनशे किलोमीटर मारण्यासाठी नाही.

शरीराचं घड्याळही असतं. रात्री दोन ते सहा हा सगळ्यात वाईट काळ, माणूस दिवसा झोपलेला असला तरी. दुपारी दोन ते चार थोडा कमी पण तोही वाईटच. आणि आपली अख्खी स्लीपर बसची वाहतूक बरोब्बर याच वेळात चालते, रात्री नऊ-दहाला सुटायचं आणि सकाळी सहा-सातला पोचायचं, कारण प्रवाशाला हॉटेलचा खर्च वाचवून सकाळी कामाला लागायचं असतं. मी प्रवाशांना दोष देत नाही, मीही तशीच जाते. पण मग त्या गाडीवर माणसं ठेवताना आणि त्यांची झोप बघताना दुप्पट काळजी लागते की नाही?

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. रात्री दीडच्या सुमाराला. चालक म्हणाला टायर फुटला, आरटीओच्या तपासणीत तसं दिसलं नाही, पुढे दारूचाही मुद्दा आला. मग महिनाभर रस्ता सरळ आहे, काँक्रीट आहे, रोड हिप्नोसिस होतो, म्हणजे एकसारखा रस्ता बघून गुंगी येते, यावर चर्चा. ती चुकीची नव्हती, ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर ना वळण ना गाव, तिथे डोळे जड होणारच. पण हिप्नोसिस म्हणा नाहीतर काही म्हणा, पुरेसा झोपलेला ड्रायव्हर आणि तीन रात्री सलग गाडीवर असलेला ड्रायव्हर यांच्यावर त्याच सरळ रस्त्याचा परिणाम वेगळा होतो. अशा प्रत्येक अपघातानंतर त्या आठवड्यातल्या ड्रायव्हरच्या ड्युट्यांचा तक्ता लोकांसमोर आला पाहिजे, तो येत नाही.

येणार कुठून, कारण आकडेवारीतच त्याला जागा नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. केंद्राच्या त्या वर्षीच्या अहवालात कुठला नियम मोडल्याने अपघात झाला त्याचा तक्ता आहे, रकाने कुठले, तर अतिवेग, दारू किंवा नशा, उलट्या बाजूने गाडी, लाल सिग्नल तोडणं, मोबाईल, आणि बाकी सगळं "इतर". थकवा, झोप, जास्त तास असा रकानाच नाही. सगळ्यात मोठा आकडा अतिवेगाचा. आता झोपलेल्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवरच असतो, ब्रेकवर नसतो, मग पोलिस काय लिहिणार? अतिवेग. मग सरकार कशावर खर्च करणार? स्पीडच्या कॅमेऱ्यांवर. कॅमेरे पाहिजेतच, माझा विरोध नाही. पण जो रोग लिहूनच घेतला जात नाही त्याच्यावर औषध कोण देणार. आता पोलिस अपघाताची माहिती आयरॅड, ईडार या सिस्टीमवर मोबाईलवरून भरतात. तिथे व्यावसायिक गाडी असेल तर दोनच रकाने सक्तीचे करा, मागच्या २४ तासांत चालक किती तास कामावर होता आणि मागच्या सात दिवसांत किती. आणि तुमच्या वार्ताहरांनीही हा एक प्रश्न तपास अधिकाऱ्याला दरवेळी विचारावा, नुसता विचारला तरी उत्तर शोधायची सवय लागेल.

दोन ड्रायव्हरची गोष्ट अशीच. नॅशनल परमिटच्या ट्रकवर पूर्वी दोन ड्रायव्हर पाहिजेत असा नियम होता, तो २०१८ मध्ये काढून टाकला. तेव्हा कारण दिलं की तो पाळला जातच नव्हता, दुसरा ड्रायव्हर कागदावरच असायचा आणि त्याच्यावरून नाक्यावर पैसे खायला मिळायचे. असेल तसं, खोटं नाही म्हणत मी. पण मग दोन माणसांची अट काढताना एका माणसाचे तास मोजायची अट घालायला हवी होती. एक काढलं आणि दुसरं घातलं नाही. बसवर दोन ड्रायव्हर असतात तिथे दुसरा झोपतो कुठे ते कधी बघा. केबिनच्या मागच्या फळीवर, नाहीतर खाली डिकीत सामानाशेजारी, जिथे ना हवा ना बाहेर पडायला धड दार. त्या हलत्या, गरम, दणके खाणाऱ्या जागेत चार तास पडून राहिलेला माणूस रात्री दोनला स्टिअरिंगवर बसतो आणि आपण म्हणतो ताजा ड्रायव्हर आला. गाडी पेटली तर सगळ्यात आधी तो अडकतो.

पगाराचंही बोललं पाहिजे कारण तिथेच सगळं सुरू होतं. बहुतेक ट्रक ड्रायव्हरना महिन्याचा पगार नावाला आणि खरी कमाई ट्रिपवर. गाडी थांबली की कमाई थांबली. गेटवर तेरा तास गेले त्याचे पैसे नाहीत. डिझेल मालक ठराविक ॲव्हरेजने देतो, त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या खिशातून. मग घाटात काय होतं ते ऐका. खंडाळ्याचा बोर घाट असो, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार असो, थकलेला ड्रायव्हर चार थेंब वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, काही जण इंजिनच बंद करतात. जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक वेळी पॅडल दाबलं की थोडी संपली. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि इंजिन चालू असूनही नुसतं न्यूट्रल असेल तर सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतो, लायनर जळका वास मारायला लागतं, आणि मग पॅडल पूर्ण दाबलं तरी पकड येत नाही. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनला गाडी धरू द्यायची, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरायचा, पायाचा ब्रेक अधूनमधून नीट दाबून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही, हे प्रत्येक जुना ड्रायव्हर नव्याला शिकवतो. माहिती नाही म्हणून न्यूट्रल होत नाही. ज्याच्या पगारात लिटरचा हिशेब आहे आणि ज्याला झोप आवरत नाही त्याच्याकडून ते होतं. बातमीत मात्र येतं, ब्रेक फेल.

बाहेर काय करतात ते थोडक्यात. युरोपात २००६ चा नियम आहे, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत चालतं, आठवड्याला ५६ आणि दोन आठवडे मिळून ९०, त्याच्यावर नाही. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ड्रायव्हरचं कार्ड त्यात घालायचं, मिनिटामिनिटाची नोंद होते, पोलिस रस्त्यावर ते काढून बघतात, आणि कंपनीने वेळापत्रकच असं दिलं असेल की नियम मोडावाच लागेल तर जबाबदारी कंपनीवरही येते. अमेरिकेत आधी १० तास सुट्टी, मग जास्तीत जास्त ११ तास चालवणं आणि तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत, त्या १४ तासांत गेटवर घालवलेला वेळही मोजला जातो, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची. तिथेही चोऱ्या होतात, तिथेही अपघात होतात. पण तिथे प्रश्न विचारता येतो आणि उत्तर यंत्रात असतं.

आपल्याकडे कोणी हे सुचवलंच नाही असंही नाही. नितीन गडकरींनी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर सांगितलं होतं की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे तास ठरवा, झोप ओळखणारे सेन्सर बसवा. एसी केबिनचा नियम झाला, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा, ही खरंच चांगली गोष्ट झाली आणि ज्यांनी केली त्यांचं कौतुक. केबिनच्या खाली इंजिन, वर तापलेला पत्रा, मे महिन्यात दुपारी तिथे झोप म्हणजे झोप नसतेच. पण आज रस्त्यावर ज्या जुन्या गाड्या आहेत त्या अजून दहा-पंधरा वर्षं चालणार आहेत, आणि एसीत बसलेला माणूसही अठराव्या तासाला झोपतोच.

यंत्राचं म्हणाल तर ते बऱ्याच गाड्यांत आधीच आहे. प्रवासी गाड्यांना ट्रॅकिंगचं डिव्हाइस आणि पॅनिक बटण २०१९ पासून सक्तीचं आहे. गाडी कधी सुरू झाली, कुठे किती वेळ थांबली, किती वेगाने गेली, सगळं त्यात जातं. ट्रकना ८० च्या वर वेग जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर आहे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला, प्रत्येक नाक्यावर गाडीची वेळ पडते. एखादी गाडी रात्री दहाला एका टोलवर आणि सकाळी दहाला सातशे किलोमीटरवरच्या टोलवर दिसत असेल तर त्यात शोधायला काही नाही, कुणालाही कळेल. गाडी कळते, ड्रायव्हर कोण होता ते कळत नाही, एवढीच एक कडी राहिलीय. ड्रायव्हर बसताना लायसन्स नंबर मोबाईलवर टाकेल आणि उतरताना बंद करेल इतकं साधं करता येतं. आम्ही माल कुठे आहे ते मिनिटाला सांगू शकतो, मग माणूस किती वेळ जागा आहे ते का नाही सांगू शकत?

मालक म्हणतील भाडी वाढतील. वाढतील थोडी, मी लपवत नाही. पण माझा अनुभव असा की गाडीचा सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर जात नाही, गेटवर जातो. गोडाऊनने ठरल्या वेळेच्या दोन तासांत गाडी लोड केली नाही तर पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे द्यायचे, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा ड्रायव्हरला, एवढं जरी लिहून आलं तरी निम्मी घाई आपोआप जाईल, कारण मग लाईन लावून ठेवणं कुणालाच परवडणार नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत अशी ओरड आमच्या धंद्यात रोज असते. या हालात कोण आपला पोरगा या लाईनला घालणार? माझ्या ओळखीचे चांगले, निर्व्यसनी, वीस-वीस वर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हर पोराला लायसन्ससुद्धा काढू देत नाहीत.

आणि काही ड्रायव्हरसुद्धा तासांच्या नियमाला घाबरतात, तेही खरं आहे. त्यांना वाटतं तास मोजले की ट्रिप कमी, पैसे कमी, आणि दंड परत आपल्याच बोडक्यावर. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून देशभर ट्रक थांबले ते याच भीतीपोटी. त्यांची भीती मला पटते. म्हणून नियम असा हवा की तास ओलांडले तर पहिली नोटीस मालकाला आणि टाईम देणाऱ्या पार्टीला, ड्रायव्हरला नंतर, आणि तास झाले म्हणून गाडी बाजूला लावून झोपलेल्या ड्रायव्हरचा एक रुपयाही कापता येणार नाही.

बाजूला लावायची म्हटलं तर कुठे, तेही बघा. एक्स्प्रेसवेच्या कडेला थांबलं तर हुसकावतात आणि ते बरोबरच आहे, अंधारात कडेला उभ्या गाडीवर मागून धडकून किती जीव गेलेत. पण मग ठराविक अंतरावर ट्रकला वळता येईल एवढी जागा, उजेड, पाणी, संडास, आणि डिझेल-माल चोरीला जाणार नाही इतपत पहारा असलेली पार्किंग पाहिजे. ड्रायव्हर थांबत नाही त्याचं अर्धं कारण चोरीची भीती आहे, टाकीतून डिझेल काढलं तर भरतो तोच. आणि ही जागा रस्त्याचं उद्घाटन व्हायच्या आधी तयार पाहिजे, दोन वर्षांनी नको. लेडीज ड्रायव्हर आता हळूहळू येतायत, त्यांच्यासाठी तर आज काहीच नाही.

राज्य सरकारकडे माझी मागणी एकच आहे आणि त्याला संसदेत जायची गरज नाही. कलम ९१ मध्येच लिहिलंय की राज्य सरकार मालकांना ड्रायव्हरचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला लावू शकतं. तो अधिकार वापरा. सुरुवात रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसपासून करा, कारण तिथे डिव्हाइस आहे, वेळापत्रक आहे, आणि एका गाडीत तीस-चाळीस जीव आहेत. गाडी सुटायच्या आधी दोन्ही ड्रायव्हरची नावं, त्यांची मागची ड्युटी कधी संपली आणि आजची कधी संपणार हे दारावर, प्रवाशाला वाचता येईल असं लावायला सांगा. आरटीओच्या फ्लाइंग स्क्वॉडने रात्री गाडी थांबवली की कागदांबरोबर तो तक्ता ट्रॅकिंगशी ताडून बघावा. एसटीने पहिल्या दिवसापासून हे करून दाखवावं, आणि जिथे गाड्या भाड्याने घेऊन चालवल्या जातात तिथे खासगी ड्रायव्हरलाही तोच तक्ता लावावा. बसचं सहा महिने चाललं की मग नॅशनल परमिटचे ट्रक, आधी मोठ्या वाहतूकदारांचे, मग आमच्यासारख्यांचे. आमच्या ऑफिसात असा तक्ता भरायचं काम माझ्याच टेबलावर येईल, ते मी आनंदाने करीन.

आपली,
माल वाहतूक ऑफिसात काम करणारी एक वाचक